आमचे लग्न दोनदा झाले

(शताब्दी समारंभात ज्येष्ठांच्या बैठकीत एका दांपत्याने केलेले भाषण)



'आमच्या वेळचे लग्न आणि संसार' या विषयावर दोघांनी मिळून थोडे बोलावे, असे मंडळाने आम्हाला सांगितले. आम्ही कधी भाषण केलेले नाही. म्हणून चार रात्री जेवणानंतर बसून हे लिहून काढले. लिहिणारा हात एकाचा आहे, आठवणी दोघांच्या आहेत. जिथे आमचे एकमेकांशी पटले नाही तिथे दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. वाचता वाचता शेजारच्या खुर्चीतून "अहो, तसे नव्हते" असे ऐकू आले तर रागावू नका. आमच्या घरी हे रोजचेच आहे.

आधी पणज्यांना नमस्कार करतो. मजुरांचे 'अॅटलस' जहाज पोर्ट लुईस बंदरात 2 नोव्हेंबर 1834 रोजी लागले. मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसे त्यानंतर येत राहिली. आपण शताब्दी म्हणतो, पण इथे बसलेल्या काही घरांची शंभर वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत. आमच्या दोघांचेही पणजे घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढले. वर कारकुनाने नाव विचारले. त्यांनी आपले पाळण्यातले नाव सांगितले, आणि कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे त्याने ते फ्रेंच वळणाने वहीत लिहिले. तेच आज आमचे आडनाव आहे. मुलुखातले खरे आडनाव काय होते, ते आमच्या दोन्ही घरांत कोणालाच सांगता येत नाही. सख्ख्या चुलत भावांच्या घरांत एकाच नावाची दोन स्पेलिंगे आहेत. नावाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आमच्यातला नवरा कास्काव्हेलचा आणि नवरी हेन्रिएटाची. नकाशात पाहिले तर दोन्ही गावे हाताच्या अंतरावर आहेत. पण हेन्रिएटा म्हणजे वरचे पठार, पाऊस, धुके, सकाळी दात वाजवणारी थंडी. कास्काव्हेल म्हणजे खालचा पश्चिमेचा मुलूख, ऊन आणि धूळ. पावसाची वाट पाहत बसायचे. लग्न होऊन आलेल्या नवरीने पेटीतून लोकरी शाल काढली तेव्हा सासरच्या बाया पोट धरून हसल्या होत्या. ती शाल पुढे मुलांच्या पाळण्यात अंथरली गेली.

लहानपणाबद्दल फार सांगत नाही, सगळ्यांचे सारखेच होते. नवऱ्याला युद्धाचे दिवस थोडे थोडे आठवतात. तांदूळ मिळत नव्हता, मका आणि मान्योकच्या पिठाची भाकर खाल्ली. अजूनही घरात कोणी हौसेने मान्योकचा पदार्थ केला तर तो पानात घेत नाही. नवरीला आठवते ते डोक्यावरून घेतलेले गोणपाट. पावसात शेतावर जाताना आई गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून तिच्या डोक्यावर टोपरे करून घालायची. शाळेत जायचे ते चौथीपर्यंत. संध्याकाळी बैठकात मराठी अक्षरे शिकायला मुलगे जात, मुली नाहीत. नवरीने अक्षरे शिकली ती धाकट्या भावाला कंदिलाजवळ पाटी गिरवताना समोरून पाहून. त्यामुळे कितीतरी दिवस तिला अक्षरे उलटी वाचता येत होती, सुलटी येत नव्हती. हे विनोदाने सांगत नाही, खरेच आहे.

आम्ही एकमेकांना पाहिले कधी? इथे दोन मते आहेत. नवऱ्याचे म्हणणे, लग्नाच्या दिवशी. नवरीचे म्हणणे, त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत. हेन्रिएटात गणपतीला मोठी गर्दी होई. खालच्या गावांतून झाकरीची पथके येत. मातीचा गणपती घरातलेच कोणीतरी करी. रात्रभर झाकरी चाले. मधोमध ढोलकीवाला आणि गाणारे बसत, भोवती गोल करून नाचणारे. कास्काव्हेलच्या पथकात झांज वाजवणारा एक उंच मुलगा सारखा तालाला चुकत होता आणि म्हातारा ढोलकीवाला त्याच्याकडे डोळे वटारत होता, हे नवरीने पडवीच्या खांबाआडून पाहिले. तालाला चुकलो नव्हतो, असे नवऱ्याचे म्हणणे आहे. तो ढोलकीवाला आता हयात नाही, त्यामुळे निकाल लागायचा नाही.

मागणी अगुव्याने आणली. 'अगुवा' हा शब्द शेजारच्या भोजपुरी घरांचा, पण आपल्याकडेही तोच रूढ झाला होता. 1959 साली ऊसतोड संपली, तुळशीचे लग्न झाले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आमचा मुहूर्त धरला. तोडीच्या दिवसांत लग्न कोणी करत नसे, माणसे मोकळी नसत. नवरी सतरा वर्षांची, नवरा बावीसचा.

अंगणात बांबू रोवून, नारळाच्या झावळ्या बांधून साल-व्हेर्त उभारली. सगळा गाव त्यासाठी आला. ज्यांच्याशी पाण्यावरून भांडण होते तेही आले आणि बांबू घेऊन आले. हळदीच्या रात्री बायांनी गाणी म्हटली. त्यांतले अर्धे शब्द आम्हाला तेव्हाही कळत नव्हते, आजीला कळत होते. रेल्वेची माणसांची गाडी 1956 मध्येच बंद झाली होती, म्हणून वऱ्हाड लॉरीने आले. एक लॉरी होती असे नवरी म्हणते, दोन होत्या असे नवरा म्हणतो. लॉरीत बाके टाकली होती आणि वाक्वाच्या चढावर इंजिन तापल्यामुळे पुरुषमंडळींना उतरून चालावे लागले, यावर दोघांचे एकमत आहे. केळीच्या पानावर पुरी, जिरोमोंची भाजी, फणसाची भाजी, डाळ, चटणी. पेट्रोमॅक्सचे दोन दिवे भाड्याने आणले होते. वाक्वाहून एक फोटोवाला आला होता. त्याने एकच फोटो काढला. त्याचे शेवटी सांगतो.

भटजींनी मंत्र म्हटले, अंतरपाट धरला, मंगळसूत्र बांधले, सप्तपदी झाली. सगळे यथासांग झाले. सासरी आल्यावर घराण्याच्या रीतीप्रमाणे गोंधळही घातला. एक गोष्ट मात्र कोणाच्या डोक्यातच आली नाही, ती म्हणजे सरकारी नोंद. देवाब्राह्मणासमोर झालेले लग्न सरकारदरबारी मोजले जात नसे, त्यासाठी वेगळे सिव्हिल लग्न करावे लागे. आमच्या आईबापांनी केले नव्हते, शेजाऱ्यांनी केले नव्हते. गावाला ठाऊक होते कोण कोणाची बायको, मग कागद कशाला?

लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते आणि कॅरोल आली. जानेवारीत आलिक्स येऊन गेली होती, तिने छपराचा एक कोपरा नेला होता. तो आम्ही नवे पाचट आणून शाकारला आणि वाटले, यंदाचे संकट टळले. फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल आली तेव्हा घर असे राहिलेच नाही. आधी छप्पर गेले, मग एकेक भिंत. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गावातल्या दगडी शाळेत गेलो. तिथे आधीच इतकी माणसे होती की बसायला जागा नव्हती. मध्येच वारा थांबला. अगदी पान हलेना. काही तास तसेच गेले, आकाशही उजळले. सासरे म्हणाले, "कोणी बाहेर जायचे नाही, हा डोळा आहे, तो उलटून येणार." जे घरचे सामान शोधायला गेले होते ते धावत परत आले, आणि वारा दुसऱ्या बाजूने आला. पहिल्यापेक्षा वाईट.

दोन दिवसांनी घराच्या जागी गेलो. चुलीचे दगड होते. पेटी सापडली, पण उघडी पडलेली, आत चिखल. लग्नाचे लुगडे, शेला, फोटो, सगळे त्यात होते. ऊस पार आडवा. नवरीच्या अंगावर मंगळसूत्र होते ते राहिले. त्यातल्या दोन वाट्या पुढच्या महिन्यात आम्ही विकल्या आणि पत्रे घेतले. काळे मणी दोऱ्यात ओवून तिने सहा वर्षे घातले. सासूबाई रोज ते पाहत आणि काही बोलत नसत. 1966 साली गणपतीच्या आधी त्यांनी आपल्या कानांतली कुडी मोडून सुनेला वाट्या करून दिल्या. कोणाला विचारले नाही, सांगितले नाही. सोनाराकडून आल्या आणि पुडी चुलीजवळ ठेवली. "हे घे. गणपतीला ओका गळा बरा दिसत नाही." सासू-सुनेचे आमच्या घरात कसे होते असे मुली विचारतात. असे होते.

रोजचे दिवस सांगायचे तर पहाटे साडेतीनला चूल पेटायची. रोटी, टोमॅटोची चटणी, असली तर खारी मासळी. बाटलीत चहा. नवरा तोडीत उसात, रात्रपाळी लागली की मूलेंत. नवरी खुरपणीला, पाचट ओढायला. सिरदार नाव पुकारायचा. उशीर झाला तर दिवस गेला. दुपारी नदीवर कपडे. तिथे सगळ्या बातम्या कळत, रेडिओपेक्षा आधी. महिनाभर चिनी दुकानदाराच्या कार्नेवर सामान यायचे आणि पगाराच्या दिवशी पगार सरळ त्याच्याकडे जायचा. लोक त्याला नावे ठेवत, पण कॅरोलनंतर त्याने आमची जुनी बाकी चार महिने मागितली नाही, हेही इथे नोंदले गेले पाहिजे.

आता नावाकडे येतो.

थोरला मुलगा 1960 च्या डिसेंबरात झाला. तोड अजून चालू होती, नवरा मूलेंत रात्रपाळीला होता. जन्माची नोंद करायला सासरे गेले. त्यांना क्रेओल बोलता यायची पण कचेरीत गेले की त्यांची जीभ चिकटायची. तिथल्या कारकुनाने विचारले, आईबापाचे सिव्हिल लग्न झाले आहे का? सासरे म्हणाले, नाही, पण लग्न झाले आहे, मीच लावले. कारकुनाने पुढे काही विचारले नाही. मुलाला आईचे आडनाव लावून कागद हातात दिला. सासऱ्यांना वाचता येत नव्हते. कागद घडी करून पेटीत गेला. दुसऱ्या मुलाच्या वेळी, 1963 साली, नवरा स्वतः गेला. त्याला बापाचे नाव लागले. मग मुलगी झाली, तिलाही. असे आमच्या एका चुलीवर जेवणाऱ्या, एकाच आईबापाच्या मुलांची दोन आडनावे, आणि आम्हाला अकरा वर्षे पत्ता नाही.

पत्ता लागला तो सहावीच्या परीक्षेच्या वेळी. 1971 साली. मुलगा हुशार होता, शिष्यवृत्तीला बसवायचा होता. अर्जासोबत जन्माचा दाखला लागला. शाळेत आधी आम्ही सांगितलेले नाव चालत होते, आता कागदावरचे चालणार. गुरुजींनी आम्हाला बोलावून घेतले. ते सज्जन होते, आवाज खाली करून बोलले. पण वर्गात यादी वाचली गेली तेव्हा दुसरे कोणीतरी हसले, आणि मुलगा घरी येऊन आईला म्हणाला, "मी ह्यांचा नाही का?"

त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. पन्नास वर्षे होऊन गेली, हे वाक्य लिहिताना आम्ही दोघे थांबलो आणि उरलेले दुसऱ्या दिवशी लिहिले.

गुरुजींनीच मार्ग सांगितला. आईबापांनी सिव्हिल लग्न केले आणि मूल आपले म्हणून मान्य केले की दाखल्याच्या समासात तशी नोंद होते. म्हणून लग्नाला बारा वर्षे होत आली असताना आम्ही पुन्हा लग्नाला निघालो. तीन मुले बरोबर. नवरीने शेजारणीचे लुगडे नेसले, कारण आपल्याकडचे धड नव्हते. साक्षीदार म्हणून नवऱ्याचा मित्र आणि नवरीचा तोच धाकटा भाऊ, ज्याच्या पाटीवरून तिने अक्षरे उचलली होती. बसमध्ये धाकट्या मुलीने मोठ्याने विचारले, कोणाचे लग्न आहे? सगळी बस वळून पाहू लागली. आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलो.

कचेरीत अधिकाऱ्याने कायद्याची कलमे फ्रेंचमध्ये वाचली. मग नवऱ्याला विचारले, या बाईला बायको म्हणून स्वीकारतोस का? नवरा पटकन म्हणाला, वी. मग नवरीला विचारले. ती गप्प. पुन्हा विचारले. ती गप्पच. अधिकाऱ्याने चष्मा काढला. नवऱ्याला घाम फुटला. भाऊ खाकरला. मग ती म्हणाली, "होय." अधिकारी म्हणाला, वी म्हणा. ती म्हणाली, "वी."

बाहेर पडल्यावर नवऱ्याने विचारले, एवढा वेळ का लावलास? तिने दिलेले उत्तर तिच्याच शब्दांत लिहितो: "पहिल्या लग्नात मला कोणी विचारलेच नव्हते. आज पहिल्यांदा विचारले. मग मी विचार करून उत्तर दिले."

मुलाचे नाव दुरुस्त झाले. परीक्षेला बसला. शिष्यवृत्ती मिळाली नाही, दोन-तीन वर्षे फी भरून शिकवले, मग पैसे संपले आणि तो गॅरेजमध्ये कामाला लागला. धाकटी दोघे नशीबवान, 1977 पासून माध्यमिक शिक्षण फुकट झाले. मुलगी शिक्षिका झाली.

पण त्या यादीच्या दिवसाने आमच्याकडून आणखी एक काम करून घेतले, आणि ते आमच्या मनाला लागून आहे. मुलांना कोणी हसू नये, परीक्षेत मागे पडू नयेत, म्हणून आम्ही घरात मुलांशी क्रेओल बोलू लागलो. ठरवून. आपापसात मराठी, मुलांशी क्रेओल. सासूबाई होत्या तोवर मुले त्यांच्याशी तोडकी मराठी बोलत. 1979 साली त्या गेल्या, आणि मुलांना मराठी बोलायला घरात माणूस उरले नाही. आम्ही होतो की, पण आम्हीच दार लावून घेतले होते. भाषा गेली ती सरकारने नेली, शाळेने नेली, शेजाऱ्यांनी नेली असे इथे अनेकदा बोलले जाते. आमच्या घरापुरते सांगतो, ती आम्ही ठेवून दिली, आणि ठेवलेली जागा विसरलो. आता नात शाळेत मराठी शिकते. पुस्तकातली, स्वच्छ. ती आजीला 'आपण' म्हणते. आजीच्या आजेसासूची भाषा तिला कळत नाही, आणि तिची भाषा आजीला थोडी कचेरीतल्यासारखी वाटते. तरी दोघी रोज अर्धा तास बसतात. परवा नातीने विचारले, पाचटाला शुद्ध मराठीत काय म्हणतात? आजी म्हणाली, पाचटच म्हणतात, तिकडे कोकणातसुद्धा असेल. नातीने शब्दकोशात पाहिले, होता. आजी दिवसभर खुशीत होती.

मंडळाने स्मरणिकेसाठी जो अर्ज भरून घेतला त्यात 'विवाहाची तारीख' अशी एक चौकट होती. आम्ही दोन्ही तारखा लिहिल्या. कार्यकर्त्यांचा फोन आला, एकच लिहा, जागा नाही. कोणती लिहायची यावर दोन दिवस वाद झाला. नवऱ्याला 1959 हवी, मंगळसूत्र त्या दिवशी बांधले. नवरीला 1971 हवी, कारण ऐकलेच आहे. मुले आणि बाहेरगावची नातवंडे कागदावरच्या तारखेला फोन करतात. डिसेंबरात मात्र घरी पुरणपोळी होते आणि ती खायला सगळे न बोलावता येतात. शेवटी आम्ही चौकट रिकामी सोडली. छापताना तुम्हाला हवी ती घाला.

आता फोटोची गोष्ट. वाक्वाच्या फोटोवाल्याने काढलेल्या त्या एका फोटोच्या दोन प्रती होत्या. एक आमच्या पेटीत, ती कॅरोलने नेली. दुसरी करवलीला दिली होती. नवरीची ती मावसबहीण लग्न होऊन पाल्माकडे गेली, पुढे तिचे घर तिथून हलले आणि आमची गाठ तुटली. ती आता नाही असे कळले आहे. तिची मुले-नातवंडे इथे सभागृहात असतील, किंवा ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल. फोटोत मागे झावळ्या आहेत, डावीकडे पेट्रोमॅक्सचा दिवा आहे, आणि नवरीच्या मागे एक छोटी मुलगी हातात केळे घेऊन उभी आहे. नवरा सरळ पाहतो आहे. नवरी खाली पाहते आहे. जुन्या पेटीत, देव्हाऱ्याच्या मागे, कुठल्या पुस्तकात असा फोटो सापडला तर कृपा करून मंडळाकडे द्या. मूळ फोटो तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला नक्कल पुरे. लॉरी एक होती की दोन, हेही कदाचित मागे कुठे दिसत असेल.

झाकरीची मंडळी बाहेर ढोलकी कसून केव्हाची थांबली आहेत. आम्ही इथेच थांबतो.